संडासाची जागा

सव्वीस माणसं, चौदा तंबू, एक नदी.
हेलिकॉप्टर पंधरा दिवसांनी,
तेही धुकं हटलं तर.
गेन्नादी नकाशा उलगडून विचारतो,
ड्रिलचा मंच कुठे बांधायचा आधी?
मी म्हणते, आधी संडास.
तंबूभर हसू.

हसा.
मी फेल्डशर, म्हणजे डॉक्टर नव्हे, नर्सही नव्हे, मधलं काहीतरी;
याकुतियातले एकोणीस उन्हाळे अशा तळांवर काढलेत
आणि पोट बिघडलेला बहाद्दर
फार जवळून पाहिलाय.

इथली जमीन खड्डा घेत नाही.
हातभर खणलं की पहार ठणकन् वाजते.
खाली बर्फ, त्याच्याखाली आणखी जुना बर्फ.
पुरलेलं कुजत नाही,
तसंच पडून राहतं,
भावाभावांत न बोललेल्या गोष्टीसारखं.

वरच्या टेकाडाशी तीस वर्षांपूर्वी एक तळ होता.
यंदा जूनमध्ये उतार खचला
आणि चिखलातून सगळं चालत खाली आलं :
आटवलेल्या दुधाचे डबे,
एक डावा गमबूट,
बुद्धिबळातला उंट,
आणि ते, ज्याचं नाव जेवताना घेत नाहीत.
बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणे.
ह्याचे तीसांनी फिटले,
थेट आमच्या पाण्याच्या पाइपाशी.

चार दिवसांत नऊजण आडवे.
ल्योवा, दोन माणसांचं ड्रिल एकटा खांद्यावर नेणारा,
बादलीला मिठी मारून बसला होता.
मी उकळलेल्या पाण्यात मीठ-साखर कालवून
चमच्या-चमच्यानं पाजत होते, आणि तो म्हणत होता,
वार्वारा सेम्योनोव्हना, आईला यातलं कळवू नका.

मग कुणी हसेना.
पाइप टेकाडाच्या वर नेला, दोन तास दगडांतून.
संडासाला पत्र्याची पिंपं, लाकडी बैठक, घट्ट झाकण,
शेजारी राखेचं घमेलं.
भरली की रिकाम्या फेरीनं परत शहरात.
गेन्नादी ओरडला : हेलिकॉप्टरमधून गू?
किलोला किती पडतं माहितीय?
माहितीय, म्हटलं.
नऊ माणसांचे चार दिवस किलोला किती पडले
ते तू सांग.

आणि मी सगळ्यांच्या हात धुवून मागे लागले,
अक्षरशः.
मात्र्योना दारात पळी घेऊन उभी;
कोरडे हात दिसले की सूप नाही,
मग तो मुख्य अभियंता का असेना.
साबण मोज्यात घालून खुंटीला टांगला होता.
एका रात्री अस्वलानं तो मोज्यासकट खाल्ला.
सकाळभर नदीकाठी फेस होता, म्हणतात.
मी पाहिला नाही.

ऑगस्टच्या तोंडावर रेनडियर घेऊन इनोकेंती आला,
चहा प्यायला, डास झटकत.
मी त्याला नकाशा दाखवला, जरा मिरवतच :
इथे पिण्याचं, इथे धुण्याचं,
धुण्याचं पाणी ह्या चरातून वाळूत,
आणि इथे तळाची हद्द संपते.
तो बराच वेळ बघत राहिला.
मग बोट कागदावरून खाली सरकवत,
कडेच्या बाहेर,
टेबलाच्या फळीवर, पावाच्या चुऱ्यापाशी टेकवलं.
म्हणाला, इथे माझी बहीण उतरते.
पुढच्या आठवड्यात.
तिचं धाकटं अजून अंगावर पितं.

काही बोलला नाही पुढे. चहा संपवला,
कप स्वतः विसळला, पाणी चरात ओतलं.

तो गेल्यावर मी नकाशाला खाली
एक कोरा कागद चिकटवला.
नदी पुढे ओढली, दोन वळणं,
आणि नाव लिहिलं : आक्सिन्या.
चर आणखी चाळीस पावलं मागे घ्यावा लागणार होता.
रात्रीचे अकरा, सूर्य अजून टेकाडावर.
ल्योवाला उठवलं.
त्यानं काही विचारलं नाही,
पहार घेतली.